अक्कांचे गुडघे आणि अण्णांची डबी

माझ्या घरमालकांनी मला घर दिलं ते माझ्या गाडीच्या सायलेन्सरकडे बघून. माझं तोंड त्यांनी नंतर पाहिलं, तेही नाइलाजाने.

पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आले तेव्हा मामाने त्याची जुनी छोटी गाडी माझ्या गळ्यात मारली होती. एके काळी अख्खा मध्यमवर्ग जिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचा ती चौकोनी गाडी. 'घेऊन जा बाई, आमच्याकडे तिच्या सावलीला कुत्रंसुद्धा बसत नाही,' असं म्हणून दिलेली. ती घेऊन मी राजाजीनगरात एका दुमजली घरापुढे थांबले. दारावर 'टू लेट'ची पाटी होती. आतून सत्तरीचे एक गृहस्थ आले, पांढरी लुंगी, खिशात स्क्रूड्रायव्हर. मी नमस्कार केला तो हवेतच राहिला, कारण गृहस्थ तोवर रस्त्यावर उताणे पडून गाडीखाली गेले होते.

"सायलेन्सर ओरिजिनल आहे ओ!" खालून आवाज आला. मराठी ऐकून मी उडालेच. "कुणी ठेवला हा इतका नीट?"

"मामाने. काका, भाडं किती आहे?"

"मामा काय करतात?"

"पोस्टात होते."

"सरी, सरी, मग बरोबर. पोस्टातली माणसं सांभाळतात वस्तू."

असा आमचा सौदा झाला, मी उभी आणि ते आडवे. ते उठेचनात. शेवटी आतून त्यांच्या बायको आल्या, वाकून त्यांना हात दिला, आणि मला म्हणाल्या, "वर जाऊन बघ जा. तुझ्याआधी आलेले दोघं मोठ्या गाडीवाले होते. त्यांना यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही."

ही माणसं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेल्यांपैकी. घरात मराठी बोलतात, भांडताना कानडीत जातात. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची आणि बायकोला अक्का. म्हणजे नात्याने हे दोघं बहीणभाऊच झाले, पण गल्लीला त्याचं काही नव्हतं. मला ते 'पुणेकर' म्हणायचे.

अण्णांचा धंदा म्हणजे जुन्या छोट्या गाड्यांचे पार्ट. त्याला धंदा म्हणायचं की खूळ, हे मी चार वर्षं राहूनही ठरवू शकले नाही. त्या गाडीला ते डबी म्हणत, आणि भंगारात निघालेली डबी दिसली की ती सोडवून, खोलून, धुऊन, पुसून तिचे अवयव घरी आणून ठेवत. खालचा सगळा मजला त्यांनीच भरलेला होता. दिवाणखान्यात अकरा दारं भिंतीला टेकून उभी, बाथरूममधे टॉवेल वाळत घालायला बंपर. अक्कांच्या स्वयंपाकघरात उडदाच्या डब्यात बेअरिंगा सापडायच्या आणि बेअरिंगांच्या डब्यात, का कोण जाणे, उडीद. आयुधपूजेच्या दिवशी अण्णा एकेका नटबोल्टला कुंकू लावायला बसले की संध्याकाळ व्हायची. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "पार्ट जुना नसतो ओ. गाडी जुनी असते."

पण त्यांच्याकडून पार्ट मिळवणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं होतं. पैसे टाकले आणि पार्ट घेतला, असं चालायचं नाही. अण्णा स्थळ बघायचे. गिऱ्हाईक आलं की आधी बसा, कॉफी घ्या. मग सुरू. गाडी कुठे उभी असते? उन्हात की सावलीत? घरात कोणकोण चालवतं? मुलगा? किती वर्षांचा? गाणी मोठ्याने लावतो? मग एक दिवस स्वतः जाऊन गाडी बघून यायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करायचे, आणि मगच होकार. एका माणसाला त्यांनी कार्बुरेटर नाकारला, कारण त्याच्या गाडीतल्या पायपुसण्यावर चिप्सचा चुरा होता.

"अहो, कार्बुरेटरचा आणि चिप्सचा काय संबंध?" मी न राहवून विचारलं.

"आज पायपुसणं आहे, उद्या टाकी असेल," अण्णा म्हणाले. कप्पाळ!

दिलेल्या प्रत्येक पार्टच्या आतल्या अंगाला ते सुईने बारीक 'श्री' कोरायचे. त्याची एक मोठी गंमत झाली. त्यांना एका डबीसाठी डाव्या दाराचं हँडल हवं होतं, मूळचं, क्रोमचं. ते भारतात कुठे मिळेना. शेवटी मी इंटरनेटवर शोधून दिलं, हंगेरीत. आपल्याकडून तिकडे गेलेल्या डब्या अजून काही वेडे सांभाळून आहेत. हँडल मागवलं, अडीच महिने लागले, कस्टम्सच्या कचेरीत अण्णांनी तीन खेपा घातल्या. तिथल्या साहेबाला पटेचना की कुणी माणूस शहाणपणाने एवढा खर्च करून दाराचं एक जुनं हँडल आणवेल. खोकं घरी आलं, अक्कांनी उदबत्ती लावली, अण्णांनी हँडल उलटं केलं, आणि आत 'श्री'!

त्यांनीच कधीतरी दोन गल्ल्या पलीकडच्या एका माणसाला दिलेलं. त्याने ते मुंबईला विकलं, तिथून ते हंगेरीला गेलं, आणि आता विमानाने परत आलं होतं. मी तर डोक्याला हात लावला. मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. पण अण्णांच्या डोळ्यांत पाणी!

"अग, माहेरी आली बघ," ते अक्कांना म्हणाले.

आणि अक्कांनी, देवाशपथ सांगते, त्या हँडलची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. अण्णांनी माझ्याकडून हंगेरीच्या माणसाला इंग्रजी पत्र लिहून घेतलं: तुम्ही आमच्या मुलीला नीट सांभाळलंत, आभारी आहोत. त्याचं उत्तर आलं, की माझी मुलगी अजून अविवाहित आहे, आपण कोणाबद्दल लिहिलं आहे? ते उत्तर मी अण्णांना दाखवलं नाही.

इंदिरानगरातल्या पबचा प्रकार त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्या पबचा मालक एकदा घरी आला. त्याला डबीचं तोंड हवं होतं, बॉनेट आणि दिव्यांसकट, भिंतीवर लावायला. आधीचं एक होतं, जोडीला आणखी एक हवं.

"भिंतीवर? मग चालवणार कधी?"

"चालवायचं नाही अंकल, शोभेसाठी."

"आमच्याकडून शोभेला कुणी जात नाही," अण्णा म्हणाले आणि त्याला दारापर्यंत पोचवून आले. पण 'आधीचं एक आहे' हे वाक्य त्यांच्या मनात राहिलं. दोन दिवस जेवले नाहीत नीट. शनिवारी दुपारी मला म्हणाले, "पुणेकर, स्वल्प बाहेर जाऊया."

पबमधे आम्ही दोघं भिंतीलगतच्या टेबलाशी बसलो. वर डबीचं तोंड टांगलेलं. दिव्यांच्या काचा मूळच्या, एक ओरखडा नाही. "डोळे जिवंत आहेत ओ," अण्णा पुटपुटले. सोडा मागवला. मग रुमालातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पिशवीतून दोन तडकलेल्या काचा. मी मेनूकार्ड उघडून आडोसा धरला. मी, इंजिनीअर, बावीस लोकांच्या टीमची प्रमुख! एक काच निघाली, दुसरी निघत होती, तेवढ्यात मागे मॅनेजर. मी मेनूकार्ड आणखी वर धरलं. हिंदीत म्हणाला, "अच्छा, मेंटेनन्सवाले आप हैं? सुबह से बुला रहे हैं. टॉयलेट की ट्यूबलाइट भी देख लो."

अण्णांनी शांतपणे दुसरी काच काढली, तडकलेल्या बसवल्या, जाऊन ट्यूबलाइट दुरुस्त केली, आणि सोड्याचे पैसे मॅनेजरने घेतले नाहीत. घरी येताना ते म्हणाले, "बघा, चोरी नाही झाली. मजुरीत काचा आल्या." मी तीन दिवस पोलिसांची वाट बघत होते.

आता त्यांच्या स्वतःच्या डबीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं होतं.

ती फिक्या निळ्या रंगाची होती. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने ती भंगारात काढायचं ठरवलं होतं. मुलगा बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा उपयोग लागतो. भंगारवाल्याला त्याने फोनही केला होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात अक्कांचे गुडघे धरले. मोठ्या गाडीत चढता येईना, दुसऱ्या छोट्या गाडीत वाकून बसता येईना, ऑटोचं तर नावच नको. तेव्हा अण्णांनी डबीच्या सीटखाली दुसऱ्या सीटचा सांगाडा जोडून ती उंच केली, अक्कांच्या गुडघ्याचं माप फूटपट्टीने घेऊन. आणि बायकोची सीट उंच झाल्यावर आपली खाली कशी ठेवायची, बोलताना तिला मान वाकवावी लागेल, म्हणून स्वतःचीही तेवढीच उंच केली. मग त्यांचं डोकं टपाला लागायला लागलं, तर टपाचं अस्तर काढून टाकलं. अशी ती जगातली एकमेव गाडी झाली जिच्यात अक्का बसू शकत होत्या. मुलाने भंगाराचं नाव काढणं सोडलं. दर शनिवारी सकाळी दोघं त्या उंच आसनांवर बसून अक्कांच्या बहिणीकडे मल्लेश्वरमला जायचे. परत आल्यावर अक्का उतरून आत जायच्या आणि अण्णा इंजिन बंद करून, दार उघडं टाकून, पाच मिनिटं तसेच बसून राहायचे. का म्हणून विचारलं, तर म्हणायचे, "इंजिन श्वास घेतंय. ऐकतो."

तर या डबीची नोंदणी संपत आली होती. तपासणीत पास झाली तर आणखी पाच वर्षं. पण ती आधी एकदा ब्रेकवरून नापास झालेली, आणि दुसऱ्यांदा नापास म्हणजे गाडी जागेवरून हलवायची नाही, थेट भंगार, असं साहेबांनी कागदावर लिहून दिलं होतं. म्हणजे अक्का कायमच्या घरात. अण्णांनी महिनाभर झोप अशी घेतलीच नाही. ब्रेक नवे केले, दिव्यांना पबमधल्या काचा लावल्या.

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त हीच माणसं करू जाणोत. डबीवाल्यांचा रविवारी भेटणारा एक घोळका होता. त्यातल्या आणखी चौघांच्या गाड्यांची तपासणी बाकी होती. अण्णांनी पाचही जणांना एकाच दिवसाची तारीख घ्यायला लावली. कारण पाच गाड्यांत मिळून एक गाडी धड होती. एकाकडे वायपर चांगले, एकाकडे आरसा, एकाकडे स्टेपनी. आणि हॉर्न? सबंध पाच गाड्यांत आणि अण्णांच्या अख्ख्या मजल्यावर वाजणारा हॉर्न एकच, अण्णांच्या डबीचा.

आम्ही सकाळीच पोचलो. अण्णा, अक्का आणि मागे हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन मी. तपासणीच्या आवाराबाहेर एका झाडाखाली गाड्या लावल्या. अक्का सिमेंटच्या बाकावर चित्रान्नाचा डबा घेऊन बसल्या. पहिली गाडी आत गेली, पास होऊन बाहेर आली. लगेच मी तिचा हॉर्न, वायपर, आरसा काढून दुसरीला लावले. दुसरी पास. तिसरीला लावले. माझे हात काळे झाले होते, बोटं सोलली होती, आणि खरं सांगू, मला भारी मजा येत होती!

"अण्णा, तुमची आता मधे घाला ना," मी म्हटलं. "तुमचीच खरी गरजेची आहे."

"छे ओ. बोलावलं कुणी? मी. यजमान पहिल्या पंगतीला बसतो का कधी?"

चौथी गाडी एका नागपूरकराची होती. चाळिशीचा माणूस, गेल्याच वर्षी बदली होऊन आलेला. बायकोने त्याला बजावलं होतं की हा डबा पास झाला तर मी नाव बदलीन. वायपर, आरसा अण्णांच्या डबीला चढवले, त्याला कमी असलेला हॉर्न लावून दिला, तो आत गेला, आणि वीस मिनिटांनी पास होऊन आला तो थांबलाच नाही. खिडकीतून हात हलवला, "अण्णा, झाली ना बाप्पा पास!" असं ओरडला, आणि हॉर्न वाजवत, हॉर्न वाजवत, बायकोला दाखवायला थेट घराकडे सुटला.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. "काय सूर आहे बघा! वळणापलीकडे गेला तरी ऐकू येतो."

मग त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

मी फोन लावला. लागला, पण हॉर्नच्या आवाजात त्याला तो ऐकू येईना. बाकीचे तिघं केव्हाच निघून गेले होते. माझी गाडी राजाजीनगरात, तासाभराच्या रस्त्यावर. आणि आतून आमचा नंबर पुकारला गेला.

तपासणीचे साहेब तरुण होते, सभ्य होते. दिवे बघितले, छान. ब्रेक बघितले, छान. स्टिअरिंगवर हात ठेवून हॉर्न दाबला. काही नाही. पुन्हा दाबला.

"अज्जा, हॉर्न?"

"ती स्वभावाने शांत आहे साहेब," अण्णा कानडीत म्हणाले.

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी बॉनेट उघडलं, आणि तिथे हॉर्नच्या जागी नुसत्या दोन वायरी. अण्णांनी सगळं खरं सांगून टाकलं, पाचही गाड्यांचं! मी त्यांचा सदरा मागून ओढत होते. साहेबांनी ऐकून घेतलं, मान खाली घातली आणि म्हणाले, 'ते मी ऐकलं नाही असं समजतो, पण या गाडीला हॉर्न नाही हे मला दिसतंय.' दोष त्यांचा नव्हताच. शिक्का पडला. गाडी तिथेच सोडायची होती.

अण्णा बाहेर आले ते भिंतीला धरून. मी त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा म्हातारं झालेलं पाहिलं, आणि मला त्या नागपूरकराचा, त्याच्या बायकोचा, त्या पंगतीच्या गप्पांचा असा राग आला की विचारू नका.

"पुणेकर, आता हिला घरी कसं न्यायचं?" त्यांनी अक्कांकडे बोट केलं. "हिला तर ऑटोत चढता येत नाही. माझ्यापायी ही आता घरात अडकली. हॉर्न दिला मी. माझ्या हाताने दिला."

अक्का बाकावरून ऐकत होत्या. त्यांनी चित्रान्नाचा डबा बंद केला. पदर खोचला. उठल्या, तरातरा रस्त्यापर्यंत गेल्या, हात करून ऑटो थांबवला, आणि एका पावलात आत चढून बसल्या.

अण्णा बघतच राहिले. "अग, गुडघे?"

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? या."

मी मूर्ख. रोज या बाईला माझ्यासमोरून चोवीस पायऱ्या चढून गच्चीवर सांडगे घालायला जाताना बघत होते, आणि कधी डोक्यात आलं नाही.

अण्णा ऑटोपाशी गेले. एक पाय वर ठेवला. तो पाय काही त्यांना वर घेईना. दांडा धरला, जोर केला, परत खाली. दुसरा पाय ठेवून बघितला. ऑटोवाल्याने मान वळवून पाहिलं. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता, आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. सहा वर्षं ज्या मापाने त्यांनी दोन्ही सीटा उंच केल्या होत्या, ते माप खरं कुणाला लागत होतं ते मला तेव्हा कळलं.

"अक्का," मी हळूच म्हटलं, "तुम्ही सहा वर्षं..."

"यांचे दुखतात म्हटलं असतं, तर यांनी सीट उंच केली असती का? मेले असते, पण केली नसती," अक्का म्हणाल्या. "आणि तो भंगारवाला दारात उभा होता ग. तेव्हा मीच म्हटलं, माझे दुखतात. कुणाचे तरी म्हणायचेच होते."

अण्णा तसेच उभे, एक पाय ऑटोत, एक बेंगळुरूच्या रस्त्यावर. मी मागून आधार दिला. अक्कांनी आतून त्यांचे दोन्ही हात धरले आणि ओढून वर घेतलं, शेजारी नीट बसवलं, लुंगी सारखी केली.  अक्कांचा हात त्यांनी सोडला नाही. मी कडेला अंग चोरून बसले.

ऑटोवाला निघाला तशा अक्का पुढे वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा कानडीत त्याला म्हणाल्या, की जरा हळू चालवा, खड्डे बघून घ्या, आमच्या यजमानांचे गुडघे दुखतात.